आईला कामावरून कमी केलं त्याबद्दल

आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल असा समज आहे की मी पैसे वाटायची नोकरी करतो. त्यामुळे गणपतीची वर्गणी मागायला इतरांकडे एक जण येतो, माझ्याकडे चौघं येतात आणि चपला काढून आत बसतात. समज अगदीच खोटा नाही. फक्त वाटायचे पैसे माझे नसतात आणि कोणाला वाटायचे हे मी ठरवत नाही. मी दोन पानं लिहितो, एवढंच.

कोलशेतला एका कुटुंबाचा रंगाचा कारखाना होता. तो बंद पडला, जमिनीवर टॉवर उभे राहिले, आणि त्या पैशातला एक हिस्सा बाजूला काढून त्या घरातल्या थोरल्या बाईंनी एक धर्मादाय संस्था काढली. ऑफिस बाळकुमला, एका मोठ्या संकुलाच्या तळमजल्यावर. एका बाजूला केकचं दुकान, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. मदत मागायला आलेली मंडळी पुष्कळदा चुकून दातवाल्याच्या बाकावर बसून राहतात, आणि दातवाल्याचे पेशंट आमच्याकडे येऊन तोंड उघडतात. मी आधी एका औषध कंपनीत होतो. ती कंपनी गुजरातला गेली, मी डोंबिवलीतच राहिलो. त्या वयात मला कोणी नोकरी देईल असं वाटत नव्हतं. "तुम्ही म्हणजे त्या संस्थेने मदत केलेला पहिला गरजू," असं बायको अजून म्हणते.

काम तसं सरळ आहे. अर्ज येतात. कोणाला शाळेत मुलींसाठी संडास बांधायचे असतात, कोणाला कचरा वेचणाऱ्या बायकांची पतपेढी काढायची असते, कोणाला समाज बदलायचा असतो पण नेमका कुठला ते अजून ठरलेलं नसतं. मी अर्ज वाचतो, फोन करतो, मग जागेवर जाऊन बघून येतो. बघितलं ते दोन पानांत लिहितो. तिसरं पान विश्वस्त वाचत नाहीत. शेवटच्या परिच्छेदात शिफारस. ही शिफारस माझ्या डोक्यात बहुतेक वेळा शीळफाट्यावर तयार होते, कारण तिथे गाडी हलत नाही आणि माणसाला विचार करण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी चांगल्या कामांचं भवितव्य मी एका सिमेंटच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे बघत ठरवलेलं आहे.

विश्वस्तांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. तो बाईंचे जावई विचारतात. जावईसाहेब चार्टर्ड अकाउंटंट आहेत, माणूस सज्जन, पण समोर गुलाबजाम ठेवला तरी आधी विचारतील की याने काय बदल होणार. "बदल काय झाला, ते सांगा. काम किती केलं ते नको." हा त्यांचा प्रश्न. आणि खरं सांगायचं तर बरोबर प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे नात्याचा नियम. मी लागण्याच्या सुमारास एका विश्वस्तांच्या शिफारशीने एका वसतिगृहाला बोअरवेल दिली गेली होती. ती निघाली त्यांच्या चुलतभावाच्या परसात. पाणी उत्तम लागलं होतं. बाईंनी त्या विश्वस्तांना चहा पाजून घरी पाठवलं ते कायमचं, आणि मला म्हणाल्या, "नियम लिहा. पळवाट ठेवू नका." मी नवा होतो, मला छाप पाडायची होती. मी लिहिलं की संस्थेच्या विश्वस्ताचा वा कर्मचाऱ्याचा कुठलाही नातेवाईक ज्या प्रकल्पाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, वर्तमान वा संभाव्य लाभार्थी असेल, त्या प्रकल्पाला अनुदान मिळणार नाही. 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, वर्तमान वा संभाव्य' हे शब्द मला इतके आवडले होते की मी घरी येऊन बायकोला वाचून दाखवले. ती बँकेत आहे, तिने असली वाक्यं रोज बघितलेली. म्हणाली, "यात तर आपला कुत्रासुद्धा सापडेल." आमच्याकडे कुत्रा नाही.

पुढे डोंबिवली पूर्वेहून एक अर्ज आला. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंनी तळमजल्यावरचे दोन गाळे भाड्याने घेऊन म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसाचं केंद्र सुरू केलं होतं. विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यांसाठी. सकाळी आणून सोडायचं, संध्याकाळी घेऊन जायचं. ज्यांना परवडतं त्यांनी फी द्यायची, ज्यांना नाही त्यांनी नाही द्यायची. देणारे थोडे, न देणारे जास्त, म्हणून अर्ज. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही म्हणू लागलो. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा एक आजोबा दाराशी उभे राहून कडी चाचपत होते. गावठाणातले जुने आगरी गृहस्थ. त्यांची शेती होती त्या जागी आता इमारती आहेत, मुलगा रिक्षा चालवतो. "मना घरा जावाचा हाय," असं ते दर थोड्या वेळाने म्हणत. सिस्टर त्यांना हाताला धरून आणून बसवत, ते पुन्हा उठत.

"दिवसभर हेच?" मी विचारलं.

"दिवसभर हेच," सिस्टर म्हणाल्या. "घरी असले की रस्त्यावर जातात. दोनदा शीळ रोडला सापडले. त्यांचं घर कुठलं ते त्यांना बरोबर आठवतं बरं का. फक्त ते आता नाहीये."

मी दोन पानं लिहिली. बैठकीत जावईसाहेबांनी प्रश्न विचारला. "यात बदल काय होणार? ही माणसं तर बरी होणार नाहीत."

खरंच होणार नव्हती. उत्तर बाईंनी दिलं. "म्हातारा बरा होणार नाही. पण त्याची सून कामाला जाते का घरी बसते, ते मोजा ना. घरातल्या कोणत्या बाईची नोकरी सुटली आणि केंद्रामुळे ती परत लागली, ते दर वर्षी आणा माझ्याकडे."

अनुदान मंजूर झालं. आणि खरंच तसं झालं. एक मुलगी पुन्हा ब्यूटीपार्लरमध्ये कामाला जायला लागली, एक सून पुन्हा घरकामाला, रिक्षावाल्याची बायको पुन्हा खानावळीत पोळ्या लाटायला. मी हे सगळं दर वर्षी लिहून नेत असे आणि जावईसाहेब पेनाने टिक करत. माझ्या कारकिर्दीतलं ते सर्वात चांगलं काम होतं. अर्थात काम सिस्टरांचं होतं, मी फक्त ट्रॅफिकमध्ये बसलो होतो.

मग आमची आई विसरायला लागली.

आई पोस्टात होती. कल्याणला काउंटरवर, सगळी नोकरी. वडील गेल्यावरही ती एकटी सगळं बघायची. आधी ती गॅस विसरली, मग नातवाचं नाव, मग आपण जेवलोय हे. एकदा तिने आमच्या शेजाऱ्यांना दारातून परत पाठवलं, रजिस्टर पत्र बाराच्या आत आणायचं म्हणून. आम्ही हसलो. हसण्याचे ते शेवटचे दिवस होते, पण तेव्हा ते ठाऊक नसतं. बायकोने बँकेतून रजा घ्यायला सुरुवात केली. आधी अर्ध्या, मग पूर्ण, मग बिनपगारी.

एका दुपारी ती म्हणाली, "अहो, तुमच्या त्या सिस्टर आहेत ना."

"तिथे नाही घालता येणार."

"का? आपण फी देऊ. पूर्ण देऊ."

मी बाईंना जाऊन सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "अनुदान संपायला अजून अवकाश आहे. पुढचा अर्ज येईल तेव्हा तुम्ही स्वतः बैठकीत मांडा. तोवर आईंना कुठे ठेवणार तुम्ही? नेत जा." म्हणून नेत गेलो. पूर्ण फी देऊन.

पहिल्या दिवशी आई दारात थबकली. आत टेबलं, खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, माणसं बाकावर बसलेली, कोणी पुटपुटतंय, कोणी झोपलंय. तिने सगळ्यावरून नजर फिरवली, पदर नीट केला आणि थेट खिडकीजवळच्या टेबलामागे जाऊन बसली. "एवढी गर्दी आणि काउंटर रिकामं?" ती म्हणाली. तिला वाटलं ती ड्यूटीवर आली आहे. सिस्टरांनी मला खुणेने गप्प केलं.

सिस्टर हुशार बाई. त्यांनी ओळखीपाळखीतून जुनी पाकिटं आणि लग्नपत्रिका गोळा केल्या आणि आईच्या टेबलावर ढीग ठेवला. आई दिवसभर ती गावानुसार लावायची. कल्याण, ठाकुर्ली, अंबरनाथ, वांगणी. संध्याकाळी सिस्टर पुन्हा सगळं मिसळून ठेवायच्या. आई रोज सकाळी वेळेवर तयार. मी चप्पल शोधत असलो तर म्हणायची, "तुझ्यामुळे मला लेट मार्क लागेल हं." घरी आली की थकलेली असायची, चांगली थकलेली. दोन घास जास्त जेवायची. रात्री झोपायची. बायको परत बँकेत जायला लागली.

आणि ते कडी चाचपणारे आजोबा. ते एकदा उठून दाराकडे निघाले, मना घरा जावाचा हाय म्हणत, तेव्हा आईने पाकिटांवरून मान वर न करता सांगितलं, "आजचं काउंटर बंद झालं. उद्या या." आजोबा थांबले. वळले आणि बाकावर जाऊन बसले. माणूस सरकारी ऑफिसांत आयुष्यभर हेलपाटे घालून आलेला. हे वाक्य त्यांना आतून माहीत होतं. त्यानंतर ते रोज उठायचे आणि आधी आईच्या टेबलाशी जायचे. आई सांगायची, ते बसायचे. कधी कधी आई विचारायची, "फॉर्म भरला का?" मग ते बराच वेळ बसायचे.

सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या आईंना मला आता पगार द्यावा लागेल."

मी म्हटलं, "तिच्यासमोर बोलू नका. थकबाकी मागेल."

मग अनुदानाची मुदत संपत आली आणि पुढच्या तीन वर्षांचा अर्ज आला. या वेळी दोन पानं मी लिहिली नाहीत, दुसऱ्या सहकाऱ्याने लिहिली. बैठकीत मी उभं राहून सांगितलं की माझी आई या केंद्रात जाते, आणि नियमाप्रमाणे खोलीबाहेर गेलो. बसायला जागा दातवाल्याच्या बाकावर. तिथली मदतनीस मुलगी बाहेर आली.

"काका, कुठला दात?"

"दात नाही. माझी बैठक चालू आहे."

तिने आत जाऊन काहीतरी सांगितलं असावं, कारण डॉक्टरांनी दारातून डोकावून पाहिलं.

आत बोलावलं तेव्हा टेबलावर केंद्राचा अहवाल उघडा होता. त्यात एक फोटो होता. केंद्रातली बाकीची मंडळी इकडे तिकडे बघत होती. कॅमेऱ्याकडे फक्त एकीचं लक्ष होतं, खिडकीजवळच्या टेबलामागच्या.

"मधे बसल्यात त्या तुमच्या आई ना?" जावईसाहेबांनी विचारलं.

"हो."

"प्रकल्प उत्तम आहे. यात मला शंका नाही. पण उद्या हा फोटो कोणी बघितला तर काय म्हणेल? संस्थेने आपल्या माणसाच्या आईची सोय केली."

"आम्ही पूर्ण फी देतो."

"फीमध्ये गाळ्याचं भाडं निघत नाही. भाडं आपण देतो. म्हणजे अप्रत्यक्ष लाभार्थी."

तो शब्द कुठून आला हे मला चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "मी या प्रकल्पापासून पूर्ण बाजूला झालो तर?"

"आत्ताच झाला होतात ना बाजूला. दातवाल्याकडे." ते हसले नाहीत. "पण पहिली शिफारस तुमची. दर वर्षीचे अहवाल तुमचे. तुम्ही नोकरी सोडलीत तरी ते तुमचेच राहणार. आणि तुम्ही नोकरी सोडावी असं कोणालाच वाटत नाही."

बाई इतका वेळ चष्म्याची काडी हातात फिरवत होत्या. म्हणाल्या, "बोअरवेलच्या वेळी मी एका माणसाला घालवलं. चाळीस वर्षांची ओळख होती. आता तुमच्यासाठी नियम वाकवला तर मी त्याला काय तोंड दाखवू?" मग चष्मा डोळ्यांवर चढवून, "अनुदान आम्ही मंजूर करतोय. तुमच्या आई तिथे नसतील तर. त्यांना काढा असं मी म्हणत नाही. दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत, एवढंच. महिनाअखेर सांगा." मी उठलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "जेवतात का नीट?" मी हो म्हटलं. "माझी आईही अशीच होती शेवटी. पण घरात आम्ही सहा जणी होतो हो बघायला."

त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. याचाच राग येतो. कोणीतरी दुष्ट असता तर घरी जाऊन बायकोला सांगायला बरं पडलं असतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती कांदा चिरत होती.

"म्हणजे आईंना काढलं तर केंद्र चालणार. आणि नाही काढलं तर केंद्रच बंद, म्हणजे आई घरीच."

"सिस्टर दुसरीकडून पैसे उभे करतील कदाचित."

"किती दिवसांत?"

त्या प्रश्नाचं उत्तर देणं हीच माझी नोकरी आहे. अर्ज, भेट, दोन पानं, बैठक, आणि मग बहुतेक वेळा नकार. गाळ्याचा मालक तेवढं थांबला नसता.

"दुसरं कुठलं केंद्र?"

"घोडबंदर रोडला आहे एक. तिथली फी म्हणजे तुझा पगार."

"मग मी तिथेच बसते दिवसभर, माझ्या पगारात," ती म्हणाली. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "कोणी लिहिला हो हा नियम?"

तिला माहीत होतं. तिने मला बोलू दिलं नाही. "जाऊ दे. कांदा आहे."

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना सांगायला गेलो. त्या ताडकन म्हणाल्या, "आईंना काढायचं नाही. अनुदान गेलं तर गेलं. मी काय अनुदानाच्या जीवावर सुरू केलं होतं का?" मग दोघंही बाकावर बसलेल्या माणसांकडे बघत राहिलो. त्या बाकावर जी माणसं होती त्यांतली बरीचशी फी न देणारी होती. सिस्टरांनी पुन्हा ते वाक्य उच्चारलं नाही. आई टेबलामागून मला म्हणाली, "तुमचं काय काम आहे? रांगेत या." मी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे आजोबा होते.

येताना आजोबांच्या मुलाच्या रिक्षातून आलो. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आपला सांगत होता, "साहेब, बाबा आता रात्री झोपतात. पहिले मी रिक्षा लावून त्यांच्या मागे फिरायचो. आता मिसेस कामाला जाते, मी डबल शिफ्ट मारतो. तुमच्या मम्मी लई भारी आहेत. बाबा घरी पण बोलतात, बाईने उद्या बोलावलंय." त्याने भाडं घेतलं नाही. मी घेच म्हणून भांडलो, तो नाहीच म्हणाला, आणि भर नाक्यावर आम्ही दोघं एकमेकांच्या खिशात नोट कोंबत उभे होतो.

महिनाअखेर मी बाईंना कळवलं.

शेवटच्या दिवशी आईला काही सांगितलं नाही. सांगून ते लक्षात राहिलं नसतं, किंवा भलतंच राहिलं असतं. तिने संध्याकाळी रोजच्यासारखी पाकिटं बांधली, टेबलावर हात फिरवला, आजोबांना उद्या या म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पर्स घेऊन दारात उभी. बायको म्हणाली, "आई, आज सुट्टी आहे." आईने खिडकीतून खाली बघितलं. शाळेची मुलं चालली होती, भाजीवाला ओरडत होता. "कसली सुट्टी?" ती म्हणाली. सुट्ट्या तिला पाठ होत्या. बाकी सगळं गेलं होतं.

आम्ही दिवसभरासाठी एक बाई ठेवली. आईने तिला दुपारपर्यंत हाकललं, परवानगीशिवाय काउंटरच्या आत शिरली म्हणून. दुसरी ठेवली. तिच्यावर आईने पाकिटं चोरल्याचा आळ घेतला. बायकोने जुनी पाकिटं आणून डायनिंग टेबलावर ढीग घालून बघितला. आईने त्याला हात लावला नाही. "हे घर आहे," म्हणाली. सिस्टर एका रविवारी येऊन गेल्या. आईने त्यांना ओळखलं नाही, पण उठून उभी राहिली.

पुढे बायकोने राजीनामा दिला. मी म्हटलं, मी देतो. तिने विचारलं, "आणि कर्जाचा हप्ता?" घरात पगार माझा जास्त, हे पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच वाईट वाटलं. बँकेतल्या मंडळींनी तिला निरोपाला चांदीची वाटी दिली. घरी आल्यावर ती वाटी कपाटात ठेवताना ती म्हणाली, "तुमच्या बाई मोजतात ना, किती जणींच्या नोकऱ्या परत लागल्या. या वर्षीच्या रिपोर्टात आमचा आकडा पण घाला. उणे एक." मी हसायला गेलो. ती हसत नव्हती.

तो आकडा कुठल्याही रिपोर्टात आला नाही. येणं नियमात बसत नव्हतं, कारण आम्ही आता प्रकल्पाच्या बाहेर होतो. उलट आता नातं उरलं नव्हतं म्हणून ते काम पुन्हा माझ्याकडे आलं. मी पाहणीला गेलो. गाळ्यांना नवा रंग होता, पंखे नवीन होते. खिडकीजवळच्या टेबलावर जेवणाचे डबे ठेवलेले. आजोबा दाराशी होते. सिस्टर गेल्या आणि म्हणाल्या, "बाबा, काउंटर बंद झालं. उद्या या."

आजोबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तू ती नाय," म्हणाले, आणि पुन्हा कडीकडे वळले.

मी शीळफाट्यावर बसून दोन पानं तयार केली. प्रकल्प समाधानकारक चालू आहे असं लिहिलं. चालू होता. रिक्षावाल्याची बायको अजून पोळ्या लाटायला जात होती.

घरी आई आता रोज एकच विचारते. "माझ्या कामात काही चुकलं का रे?" मी नाही म्हणतो. "मग मला का कमी केलं?" कधी ती स्वतःच उत्तर शोधते. "वरून ऑर्डर आली असेल. जागा कमी केल्या असतील." आणि कधी पर्स घेऊन उभी राहते. "ज्याने सही केली त्या साहेबाला भेटून येऊ. समोरासमोर बोललं की कळतं माणसाला."

न नेलं तर ती दिवसभर दाराशी उभी राहते. म्हणून रविवारी मी तिला नेतो. आमच्या जवळ महापालिकेचं एक प्रभाग कार्यालय आहे. ते रविवारी बंद असतं, आम्हाला बंदच हवं असतं. व्हरांड्यात एक सिमेंटचा कट्टा आहे, तिथे बसतो. तिथला वॉचमन पहिल्यांदा म्हणाला की आज कोणी नाही. आई त्याला म्हणाली, "आम्ही थांबतो." आता तो काही बोलत नाही, दोघांना पाणी आणून देतो.

परवा बसलो होतो. आई साहेबाला काय सांगायचं याची मनातल्या मनात उजळणी करत असावी, ओठ हलत होते. मग मला म्हणाली, "तू ओळखतोस का रे या साहेबाला?"

"ओळखतो थोडा."

"कसा आहे?"

ऊन कट्ट्यावर आलं होतं, मी तिला जरा सावलीकडे सरकवलं.

"वाईट नाहीये," मी म्हटलं. "नियमाने चालणारा आहे."

"मग ऐकेल," आई म्हणाली, आणि पर्स मांडीवर नीट धरून बंद दाराकडे बघत ताठ बसली.